चौदाच्या वर एकही नाही

...तर मग कुणाला सांगू, तुम्हीच सांगा! बसा, बसा, उठू नका, खुर्च्या भाड्याच्या आहेत पण संध्याकाळपर्यंतच्या आहेत. येतोय लेचोन, येतोय... हो, कळतंय मला, अकरापासून बसलायत तुम्ही, आता दोन वाजून गेले, शेवया संपल्या, कलिंगड संपलं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत, या माझ्याच अंगणातून, माझ्याच भट्टीवरून चौदा लेचोन निघून गेले. चौदा! अख्खी भाजलेली डुकरं, तांबूस, चकचकीत, कातडी अशी की बोटाने टिचकी मारली तर वाजावी! आणि प्रत्येक वेळी तुम्ही अर्धे उठलात, पाहिलं मी, 'आला, आपला आला,' आणि तो गेला फाटकाबाहेर. बाराव्याला तर मामांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आता तुम्ही मनात म्हणत असाल, हा तेर्यो गाबुतान, बापाच्या वेळेपासूनची भट्टी, अख्ख्या गावाला लेचोन भाजून घालतो, आणि आज सख्ख्या आईचा ऐंशीवा वाढदिवस आणि तिच्याच टेबलावर केळीचं पान रिकामं? लाज नाही वाटत याला? वाटते हो! पण मी काय करू, मला नाही म्हणाले! कोण म्हणालं? मीच ठेवलेली पोरगी! माझ्याच दुकानाचा फोन उचलून, माझ्याच दुकानाचं नाव घेऊन मला म्हणते, 'माफ करा हं सर, चौदा तारखेला चौदाच्या वर एकही नाही.' गोड बोलते हो, तक्रार नाही!

तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतरी वेळ आहेच. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघेल तर शपथ! लहानपणापासून नाही निघत. आणि आपल्याकडे 'हो' म्हणायला तोंड तरी कुठे लागतं? भुवया जरा वर उचलल्या की झालं, समोरचा समजला, निघाला घरी. माझ्या भुवया तर काय, कुणी नुसतं 'तेर्यो...' म्हणून हाक मारली की त्या निघाल्याच वर, पुढे काय मागतोय ते ऐकायच्या आधी! एकेचाळीस पोरांचा धर्मपिता आहे मी. एकेचाळीस! कुणी हौस म्हणून होतं का असं? कुणीही यायचं, पोरगं काखेत, 'तेर्यो, रविवारी बाप्तिस्मा आहे, तू उभा राहशील ना?' आणि धर्मपिता व्हायला नाही म्हटलं तर पोराला अपशकुन, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, मग मी कसा नाही म्हणणार? म्हणजे एकेचाळीस पोरं आणि त्यांचे एकेचाळीस बाप, सगळे माझे कुंपादरे. आणि कुंपादरेला लेचोन हवा असला तर तो वेळापत्रक बघतो का? तो थेट फोन करतो. 'कुंपादरे, उद्या हवाय.' उद्या! डुक्कर काय झाडाला लागतं?

आणि फोन म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगतो. लेचोनवाल्याचे हात कधी पाहिलेत? पहाटेपासून चरबीत. दोन्ही हातांनी बांबू फिरवायचा, एकसारखा, थांबलात की एका बाजूची कातडी करपली, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजायचा. उचलू कसा? कोपराने? मी नाकानेही उचलून पाहिलाय, हसू नका, नाकाने उचलता येतो, पण मग बंद झाला तर पुन्हा लावता येत नाही. आमची बायको मेर्ली ओरडायची, 'अरे तेर्यो, फोन!' मी ओरडायचो, 'तू घे!' ती ओरडायची, 'माझे हात आतड्यांत आहेत!' आणि फोन आपला वाजून वाजून गप्प. दिवसाला पंधरा-वीस. गिऱ्हाईक काय, वाट बघतंय होय? गेलं पुलापलीकडे कुलासकडे. मी ओल्या हाताने उलटा फोन करायचो तर, 'राहू द्या, कुलासला सांगितलं.' एकदा तर काय झालं, डुकराच्या पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण, पात, सगळं ठासून भरत होतो, फोन कानाला, मान तिरकी... बोलणं झालं, पोट शिवलं, बांबूवर चढवलं, निखाऱ्यावर धरलं, आणि पाच मिनिटांनी डुक्कर वाजायला लागलं! हो, डुक्कर! आतून! मेर्लीने छातीवर क्रूस काढला, मला वाटलं हिचं आता काही खरं नाही. टाके उसवेपर्यंत तीनदा वाजून तो कायमचा गेला. आणि मला आजवर रुखरुख आहे की ते तीन फोन कुणाचे होते.

पण हे सगळं चाललं असतं हो. माणूस निभावून नेतो. नाव गेलं ते गेल्या वर्षीच्या जत्रेला. आमच्या भट्टीला सात खड्डे, पहाटेची एक पाळी आणि सकाळची एक, सात दुणे चौदा, त्याच्या वर पंधरावा भाजायचा तर माझ्या डोक्यावर भाजावा लागेल. आणि जत्रेच्या एका दिवसासाठी मी किती जणांना हो म्हणून बसलो होतो? तेवीस! फोन आला की 'हो', रस्त्यात भेटला की भुवया, प्रार्थनेला गेलो तर मागच्या बाकावरून खांद्यावर हात, 'तेर्यो, आमचाही एक,' आणि तिथे देवासमोर काय नाही म्हणणार? लिहून ठेवलेलं काही नाही, सगळं डोक्यात, आणि डोकं धुरात. सकाळी नऊला फाटकात तेवीस घरची माणसं उभी! मग मी काय केलं... सांगू का? सांगतो, आता काय लपवायचं, तुमच्यातल्या अर्ध्यांनी ते खाल्लंय. मधोमध कापले. पुढचा अर्धा एका घरी, मागचा अर्धा दुसऱ्या घरी, केळीच्या पानांनी कापलेली बाजू झाकली आणि दिले पाठवून! आता तुम्हीच सांगा, गावच्या प्रमुखाच्या, कप्तानाच्या टेबलावर पुढचा भाग, मुंडकं, कान, तोंडात सफरचंद, सगळा थाट, पण कमरेच्या मागे काहीच नाही. आणि समोरच्याच घरी फादरच्या टेबलावर नुसते मागचे दोन पाय आणि शेपूट! दुपारी पाहुणे या घरातून त्या घरात गेले, जत्रा आहे, जाणारच, आणि कुणीतरी शहाणा मोठ्याने म्हणाला, 'अरे, याचं मुंडकं तर समोर पाहिलं!' झालं. संध्याकाळपर्यंत गावभर. लोक म्हणायला लागले, तेर्योचा 'हो' ना, त्याचा अर्धाच धरायचा.

मेर्लीने त्याच रात्री गाठोडं बांधलं आणि गेली बोहोलला बहिणीकडे. नऊ दिवस. मी फोन केला तर उचलेना, आता कळलं म्हणालो, न उचललेला फोन कसा लागतो जिवाला! दहाव्या दिवशी आली ती हातात एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन. म्हणाली, 'तेर्यो, मी घरात पाऊल ठेवते, पण एका अटीवर. दुकानाचा फोन आजपासून तू उचलायचा नाहीस आणि मीही नाही. माझ्या बहिणीचा दात ज्या डॉक्टरने काढला त्याच्याकडे कुणी फोन उचलत नाही, तरी फोन उचलला जातो.' मी म्हटलं, उन्हात बसून आलीस का? तर नाही. तिकडे इलोइलोत म्हणे एक कचेरी आहे. तीस-चाळीस पोरी, कानाला यंत्र लावून बसलेल्या, आणि गावोगावच्या दुकानांचे फोन त्या तिथे बसून उचलतात. आपला नंबर वाजला की तिच्यासमोर आपल्या दुकानाचं नाव उमटतं, आपले दर, आपली यादी, आणि ती अशी बोलते जणू आपल्याच गल्ल्यावर बसलीय. आमच्या वाट्याला आलेली पोरगी चेरी मे. ती एका दमात दाताच्या डॉक्टरची, टायरवाल्याची, शवपेट्यांच्या दुकानाची आणि माझी! मला पहिले पंधरा दिवस झोप नाही, म्हटलं ही एखाद्या रडणाऱ्या बाईला विचारायची, 'ताई, कातडी कुरकुरीत हवी का?' पण नाही हो. एकदाही नाही चुकली!

आणि इलोइलोचं बोलणं तुम्हाला माहीत आहेच. आपण सेबूवाले, आपण 'जेवलास का' विचारलं तरी शेजारी भांडण बघायला दारात येतात. आणि ते लोक? ते चिडले तरी समोरच्याला वाटतं अंगाई गातायत. चेरी मे बोलते आपली भाषा, पण हेल तिकडचा, शब्दाच्या शेवटाला जरासं वर नेते आणि अलगद सोडते. मेर्ली म्हणाली, 'हीच पाहिजे. तुझ्या कुंपादरेंना नाही म्हणायला हिच्यासारखा गळा नाही मिळायचा.' पहिल्या दिवशी तिने मला वीस प्रश्न विचारले, सगळं लिहून घेतलं. 'सर, दिवसाला जास्तीत जास्त किती?' चौदा. 'कुणी म्हणालं, मी मालकांचा कुंपादरे आहे, तर?' मी म्हटलं, तरी चौदाच. 'मालकांचे मेहुणे?' चौदा! 'फादर?' इथे मी जरा घुटमळलो, मेर्लीने चिमटा काढला, चौदा! 'आणि सर, मालक स्वतः म्हणाले तर?' मी हसायला लागलो. मी म्हटलं, मी कशाला... तेवढ्यात मेर्लीने मागून फोनवर ओरडून सांगितलं, 'त्यालाच तर आधी नाही म्हणायचं!' आणि चेरी मे म्हणाली, 'लिहून घेतलं हं, मॅडम.' गोड बोलते हो, तक्रार नाही!

आणि खरं सांगू का, फायदा झाला. उगाच कशाला खोटं बोलू, आईच्या वाढदिवशी? तिसऱ्या दिवशी मी जेवत होतो. दुपारी. पाटावर बसून. दोन्ही हातांनी. आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, म्हटलं काय बरं... तर शांतता! फोन वाजत नव्हता! म्हणजे वाजत होता, पण इलोइलोत! मी भात दुसऱ्यांदा घेतला. नंतर झोपलो. वीस वर्षांनी दुपारी झोपलो मी, मेर्ली येऊन नाकाशी हात धरून बघून गेली. संध्याकाळी चेरी मेची यादी आली. अमुक तारीख, अमुक आकाराचा, इतक्या माणसांसाठी, पत्ता, 'प्रार्थनाघराच्या डावीकडे, निळं फाटक, कुत्रा चावत नाही पण भुंकतो.' कुत्रासुद्धा लिहिलाय! माझ्या डोक्यात कधी घराचा नंबर राहिला नाही, आणि ही कुत्र्याचा स्वभाव लिहून पाठवते.

तिकडे कॅनडात नर्स असलेल्या आपल्या गावच्या पोरी, त्यांना घरच्यांसाठी लेचोन मागवायचा तर त्या फोन करणार त्यांच्या वेळेला, आणि पूर्वी तेव्हा इथे कोण उचलायचं? कोंबडा! आता उचलते चेरी मे किंवा तिच्या शेजारची, आणि त्या पोरी म्हणे दोन मिनिटं रडतात आधी, आईची आठवण, घरची आठवण, आणि ही ऐकून घेते, मग विचारते, 'मोठा पाठवू की मधला?' आणि कप्तान! कप्तानाने लग्नाच्या वाढदिवसासाठी शनिवार मागितला. शनिवार भरलेला. आता कप्तान म्हणजे काय, तुम्ही त्याचा आवाज ऐकलाय... 'ए पोरी, मी कोण बोलतोय माहितीये का? तेर्योला दे!' मी असतो तर भुवया, सलाम, आणि कुणाचा तरी मधोमध कापलेला! ती काय म्हणाली? 'माहितीये ना कप्तान साहेब, तुमच्याबद्दल तेर्यो सर नेहमी सांगतात. शनिवारी चौदाच्या वर एकही नाही हो साहेब, पण रविवारी पहिल्या पाळीतला पहिला तुमचाच ठेवला तर? शनिवारी काय, घाईगर्दी, आणि बाईसाहेबांना निवांत बसता यायला नको?' आणि कप्तानाने लग्नाचा वाढदिवस पुढे ढकलला! तेहतीस वर्षांपूर्वी शनिवारी झालेलं लग्न या वर्षी रविवारी साजरं! आणि फोन ठेवताना थँक यू म्हणाला, शिवाय गुडघा दुखतो हेही सांगितलं तिला. मला आठ महिन्यांत एकदाही सुरी मध्ये घालावी लागली नाही. प्रत्येकाकडे मुंडक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा. लोक पुन्हा म्हणायला लागले, तेर्योने तारीख दिली म्हणजे दिली. अहो, मीही म्हणायला लागलो!

आमच्या आईला तर तिचं वेडच लागलं. रोज सकाळी दहाला खोलीतून दुकानाला फोन. दुकान इथे, भिंतीपलीकडे! पण ती फोन करणार इलोइलोला. 'इंदाय, पोरी, आज कंबर बरी आहे.' 'हो का नानाय पासिंग, आणि ते तेल लावलंत का?' मी म्हटलं, आई, तिला कामं असतात, गिऱ्हाइकं असतात. आई म्हणते, 'मग ती म्हणेल ना नाही. ती तुझ्यासारखी नाहीये.' 

आणि आता या मंगळवारावर येतो. मे महिना, तुम्हाला माहीत आहे, गावागावात जत्रा, लग्नं, बाप्तिस्मे, एक दिवस रिकामा नाही. आणि आमची आई जन्मली ती चौदा मेला, संत बोनिफासच्या दिवशी, म्हणून तर नाव बोनिफासिया, लाडाने पासिंग. ऐंशी वर्षांत तारीख बदललेली नाही! मंगळवारी सकाळी दात घासताना एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं, अरे, आईचा लेचोन कुणी सांगितलाय का? आता आपल्याच दुकानाचा लेचोन माणूस सांगतो का कधी? बेकरीवाला स्वतःच्या पावासाठी रांगेत उभा राहतो का? मी मेर्लीकडे पाहिलं, मेर्ली कांदे चिरत होती, मला वाटलं हिने सांगितला असेल. विचारलं, तर म्हणते, 'मी कशाला? दुकानाचा नंबर तुला पाठ नाही का?' आणि हसली. मला ते हसणं तेव्हाच कळायला हवं होतं... असो. मी डुकरांच्या गोठ्यामागे गेलो आणि लावला नंबर. स्वतःच्या दुकानाला. पहिल्यांदाच!

'नमस्कार, गाबुतान लेचोन, मी चेरी मे बोलतेय, काय मदत करू?' इतकं छान वाटलं ना, म्हटलं काय सुंदर दुकान आहे हे. मी म्हटलं, मी तेर्यो. 'हो सर, तेर्यो सर म्हणून आज सकाळपासून तिघांचे फोन येऊन गेले.' अगं, मी खरा तेर्यो! 'हो सर, तेही तेच म्हणाले.' मी म्हटलं, अगं तुझी शपथ... तर ती हसून म्हणाली, 'ओळखलं सर, नानाय सांगतात तो लंगडा कोंबडा तुमच्या मागे ओरडतोय.' मी म्हटलं, बरं झालं, चेरी मे, चौदा तारखेला एक लेचोन लिही, मोठा, आईचा ऐंशीवा आहे. थोडा वेळ नुसती टकटक, ती काहीतरी बघतेय... आणि मग... 'माफ करा हं सर, चौदा तारखेला चौदाच्या वर एकही नाही. सोळाला एक जागा आहे, सोळा चालेल का?' सोळा! म्हणजे मी आईला जाऊन सांगू, आई, दोन दिवस उशिरा जन्माला ये?

मी म्हटलं, अगं मी मालक आहे! 'हो सर, मालकांचं वेगळं लिहून ठेवलंय इथे. वाचू?' नको म्हटलं, वाचू नको. मग एकाचा रद्द कर. 'चालेल की सर, तुम्ही मालक. कुणाचा करायचा ते सांगा, मी नावं वाचते.' आणि वाचायला लागली. एक नंबर, मिस व्हिलामोर, निवृत्तीचा निरोप समारंभ... मिस व्हिलामोर! ज्यांनी मला बाराखडी शिकवली, पट्टी मारली नाही कधी! दोन नंबर, नवरा गेल्याचा चाळिसावा दिवस, बाई एकटी आहे. तीन नंबर, कॅनडाहून, आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं, पोरीला येता येत नाही म्हणून लेचोन येतोय. चार नंबर... मी म्हटलं, बस, बस, पुढे नको वाचू. तर म्हणते, 'सर, यातल्या कुणाला नाही म्हणायचं ते फक्त सांगा, मी आत्ता फोन जोडून देते, तुम्ही स्वतः बोला त्यांच्याशी.' मी! स्वतः! नाही म्हणायचं! मिस व्हिलामोरना! तुम्हाला सांगतो, उभ्या उभ्या घाम फुटला. आणि मी माझ्याच ठेवलेल्या पोरीला काय म्हणालो? 'राहू दे' म्हणालो. 'थँक यू' म्हणालो! वर ती म्हणते, 'नानायना माझ्याकडून शुभेच्छा सांगा हं.' गोड बोलते हो, तक्रार नाही, पण त्या गोठ्यामागे मला रडू यायचं बाकी होतं.

मग काय, शेवटी गेलो पुलापलीकडे, कुलासकडे. लेचोनवाला लेचोनवाल्याच्या दारात, टोपी हातात! कुलासकडे चार खड्डे, फोन स्वतःच्या खिशात, हात कोपरापर्यंत चरबीत. मी म्हटलं, कुलास, चौदाला आईसाठी एक... वाक्य पुरं होऊ दिलं नाही पठ्ठ्याने. भुवया! दोन्ही! पार केसांत गेल्या! 'हो हो तेर्यो, नानाय पासिंगसाठी नाही म्हणेन का? अकराला दारात!' आणि मला ना, गहिवरून आलं. किती दिवसांनी असा बिनदिक्कत हो ऐकला! मी पण असाच होतो हो. असाच मनमोकळा, असाच... असाच बेभरवशाचा. घरी येताना पुलावर आठवलं ते.

आज सकाळपासून नऊ वेळा फोन केलाय त्याला. वाजतोय. वाजून वाजून गप्प होतोय. मला इथे बसून दिसतंय, खिशात फोन, दोन्ही हात बांबूवर, आणि बायको ओरडतेय... नाकाने उचल रे, कुलास, नाकाने!

थांबा... हा आवाज... तीनचाकी! आला! आला हो, बघा, केळीची पानं दिसतायत! सरका, टेबल मोकळं करा, मामा, आता वाजवा टाळ्या! हळू, हळू उतरव कुलास, एवढा उशीर रे... असू दे, असू दे, आलास ना... अरे, पण हा एवढा आखूड का? पान काढ. काढ पान! ... कुलास, मुंडकं कुठाय? काय म्हणालास? 'कुंपादरेची बायको दारात येऊन बसली रे, मी हो म्हणून बसलो...' म्हणजे पुढचा अर्धा तिकडे? आणि आईच्या ऐंशीव्याला मागचे दोन पाय आणि शेपूट! तुम्हाला सांगतो, मी त्याच्यावर असा ओरडणार होतो ना, तोंड उघडलं होतं... पण बघा ना त्याच्याकडे. घामाघूम, काजळी फासलेला, मान खाली. हा गेल्या वर्षीचा मीच उभा आहे की दारात! स्वतःवर काय ओरडायचं? ये, बस, पाणी पी.

चला, जे आहे ते आहे. पहिला तुकडा आईचा. कातडीचा, हा बघ, कसा कडक... आई, घे. आ कर. ... काय? काय म्हणालीस? ए, गप्प बसा जरा सगळे, आई काहीतरी बोलतेय... 'नको'? आई, नको म्हणालीस तू? दात दुखतोय का? ... आवडत नाही? लेचोन आवडत नाही! तुला! कधीपासून? ... पहिल्यापासून?! अगं लग्न होऊन तू लेचोनवाल्याच्या घरात आलीस त्याला साठ वर्षं झाली, दर वाढदिवसाला, दर नाताळला पहिला तुकडा तुझा, आणि तू खात होतीस की! मग बोलली का नाहीस? ... काय? 'तुझा बाप इतक्या प्रेमाने आणून समोर धरायचा, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि मग तू धरायला लागलास.' साठ वर्षं, आई! ... आणि आज कसं म्हणालीस? ... कोण? चेरी मे? तिला विचारलंस, नाही म्हणताना भीती नाही का वाटत... आणि ती म्हणाली... काय म्हणाली? 'नानाय, फक्त पहिल्यांदा वाटते.'

...मेर्ली, हे काय आणलंस? मासळीचं सार! वाफाळतंय की! म्हणजे तुला माहीत होतं! तुला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं आईने? म्हणून कांदे चिरताना हसत होतीस! म्हणून तू लेचोन सांगितलाच नाहीस! आणि मी मात्र गोठ्यामागे, पुलापलीकडे, टोपी हातात... बघा, बघा कशी भुरके मारून पितेय आमची आई. मला रडू येतंय की हसू, तेच कळेना. पी गं, पी. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या आवडीचं जेवतेय माझी आई, आणि कुणामुळे? जिला आम्ही डोळ्यांनी पाहिलंही नाही त्या पोरीमुळे! तुम्हाला सांगतो, दुकान कसलंही असो, टायरचं असो, दाताचं असो, एक तशी पोरगी ठेवा. ठेवाच!

तुम्ही घ्या वाढून, अर्धाच आहे पण पुरवून खा. कुलास, तू कुठे चाललास? जेवून जा की. काय? ... जवळ ये, ऐकू येत नाही. ... रविवारी? तुझ्या धाकट्याचा बाप्तिस्मा? ... धर्मपिता... मी?

मंडळी, आता म्हणायचं होतं हो मला! आत्ता! 'दुकानाला फोन कर कुलास, चेरी मे सांगेल तुला.' वाक्य जिभेवर होतं! आईने आत्ताच डोळ्यांसमोर करून दाखवलंय, ऐंशीव्या वर्षी, आणि मी तर पंचावन्नचा... पण तो बघत होता हो माझ्याकडे, आणि कपाळाला जरा खाज सुटल्यासारखं झालं, आणि...

बेचाळीस. वाढा, वाढा, सार थंड होतंय.